टिपणाचा ठावठिकाणा

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एखाद्या जुन्या तलावाच्या पाळीवर भाद्रपदाच्या अखेरीस उभे राहिले, की एका अंगाला टेकड्यांच्या कुशीत विसावलेले पाणी आणि दुसऱ्या अंगाला त्याच पाण्यावर पोसलेल्या धानाच्या बांध्या एकाच दृष्टिक्षेपात सामावतात. आणि पाहणारा थोडा जरी जिज्ञासू असला, तरी ही पाळ कोणी घातली, कोणत्या काळी घातली, तिच्यामागचे पाणी कोणत्या रीतीने वाटले जात असे आणि ती रीत पुढे का मोडली, हे प्रश्न त्याच्या मनात आपोआप उभे राहतात. असा प्रश्न पडणे हाच संशोधनाचा आरंभ होय. परंतु शिक्षक, महाविद्यालयीन विद्यार्थी, निवृत्त पटवारी अशा अनेक हौशी अभ्यासकांचे कार्य प्रश्नांच्या अभावी नव्हे, साधनांच्या अभावीही नव्हे, तर साधने हाती आल्यावर त्यांची व्यवस्था न लावल्यामुळे अर्ध्यावर अडलेले मी पाहिले आहे, आणि एकदा ते दुःख स्वतः भोगलेही आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी या भागातील पाच-सहा गावांतून हिंडत असताना एका वृद्ध ढीवराने तलावाच्या काठी बसून मला पाणीवाटपाची एक जुनी रीत सांगितली होती. वहीत मी घाईघाईने एवढेच लिहिले: ‘तुडुम उघडल्यावर पहिले पाणी शेवटच्या बांधीला.’ तुडुम म्हणजे पाळीतून पाणी सोडण्याचे जुन्या बांधणीचे दार. जो शेतकरी पाटाच्या अगदी टोकाला आहे, त्याची तहान आधी भागवावी आणि मग क्रमाने तलावाकडे यावे, अशी ती न्यायबुद्धीची रीत होती. त्या ओळीपुढे मी गावाचे नाव लिहिले नाही, सांगणाऱ्याचे लिहिले नाही, दिवसही लिहिला नाही. कारण तो चेहरा आणि ती पाळ आपण कधी विसरू, असे त्या घटकेला मला वाटलेच नव्हते. पुढे लेखनास बसलो तेव्हा ओळ होती, पण गाव नव्हते. ज्या गावी ती ऐकली असावी असे वाटे, तेथे जाऊन विचारपूस केली, तर अशी रीत आपल्याकडे होती असे म्हणणारा कोणी भेटला नाही. एवढी मोलाची गोष्ट मला छापता आली नाही, कारण ती अमक्या गावची आहे असे म्हणण्याचा अधिकार मी माझ्याच आळसाने गमावला होता.

तेव्हापासून माझी दृढ धारणा झाली आहे, की टिपण म्हणजे नुसती माहिती नव्हे. ती माहिती जेथून आली, तेथे पुन्हा जाऊन पोहोचण्याची ती वाट आहे. ज्या टिपणाला ठावठिकाणा नाही, ते कितीही सुरस असले तरी साक्षीला उभे राहू शकत नाही. साधनांची सारी व्यवस्था, मग ती वहीत असो, पेटीत असो वा संगणकात, या एका गोष्टीसाठी करावयाची असते.

गोंदियासारख्या जिल्ह्यात ही व्यवस्था विशेष निकडीची आहे, कारण या भूमीचे कागद एका दफ्तरात नाहीत. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता. १८५४ मध्ये तो इंग्रजांनी खालसा केला. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला. १९५० मध्ये त्याचे मध्य प्रदेश राज्य झाले. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. आणि १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. ज्या गावाने आपली जागा तिळभरही सोडली नाही, त्याचे मालक, जिल्हे आणि राजधान्या मात्र अशा बदलत गेल्या, आणि दर बदलाबरोबर कागदांच्याही वाटा फुटल्या. परिणामी, एकाच तलावाविषयीचा एखादा कागद मोडीत, दुसरा इंग्रजीत, तिसरा हिंदीत आणि चौथा मराठीत असणे, एक नागपुरात, दुसरा भंडाऱ्यास आणि तिसरा गोंदियात सापडणे, हे येथील अभ्यासकाच्या नशिबी ठरलेलेच आहे.

या कागदांची जातकुळीही निरनिराळी असते. इंग्रजी अमदानीत जमीनमहसुलाचा बंदोबस्त झाला, तेव्हा गावोगावच्या मिसली, म्हणजे नोंदींची दप्तरे, तयार झाल्या, आणि त्यांच्याबरोबर ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाचा दस्तऐवज तयार झाला, ज्यात गावच्या वहिवाटी, रस्त्याचे, पाण्याचे आणि मासेमारीचे हक्क लिहून ठेवण्याची पद्धत होती. सामाईक जमिनीवरील चराई, सरपण अशा हक्कांचे ‘निस्तार पत्रक’ हा त्याचाच सोयरा. हे दोन्ही शब्द १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही टिकून आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावचा महसूल भरणाऱ्या जमीनदारांची पद्धत, नष्ट झाली, पुढील वर्षी मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले, आणि पूर्व विदर्भातील सहा हजारांहून अधिक तलाव ‘माजी मालगुजारी तलाव’ या नावाने ओळखले जाऊ लागले. तेव्हापासूनचे कागद पुन्हा वेगळ्या खात्यांत. यांखेरीज रसेल यांनी संपादिलेले १९०८ चे भंडारा जिल्ह्याचे गॅझेटियर, रसेल व रायबहादूर हिरालाल यांचा १९१६ मध्ये चार खंडांत निघालेला मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथ, ज्यात तलाव बांधण्यात निष्णात असलेल्या कोहळी समाजावर स्वतंत्र प्रकरण आहे, ही छापील साधने; आणि या सर्वांहून अधिक जिवंत, परंतु अधिक नाशवंत, अशी पाणी वाटणाऱ्या पाणकऱ्यांची, ढीवरांची, कास्तकारांची तोंडी साक्ष.

इतक्या भिन्न प्रकृतीची साधने गोळा करावयाची म्हणजे पहिले काम एका जाड वहीचे. तिला मी साधनवही म्हणतो. कचेरीतील आवक नोंदवहीत येणाऱ्या प्रत्येक कागदाला जसा क्रमांक पडतो, तसा हाती आलेल्या प्रत्येक साधनाला, मग तो ग्रंथ असो, मिसल असो, छायाचित्र असो की मुलाखत, येथे एक क्रमांक द्यावा. तो कागद कोठे पाहिला, कोणत्या दिवशी पाहिला, त्यावर मूळ कार्यालयाचा कोणता क्रमांक होता, तो कोणत्या भाषेत व लिपीत आहे आणि आपण तो संपूर्ण वाचला की काही पानेच वाचली, हे तेथल्या तेथे नोंदवावे. शेवटची बाब वरवर क्षुल्लक वाटते. पण दोन वर्षांनी ‘त्या मिसलीत तलावाचा उल्लेख नाही’ असे लिहिण्याचा प्रसंग येतो, तेव्हा उल्लेख नाही की आपणच ते पान उलटले नाही, याचा निवाडा केवळ ही नोंद करू शकते.

दुसरे काम चिठ्ठ्यांचे. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहावी, हा नियम साधा आहे, पण त्याचे सामर्थ्य पाहावयाचे असेल तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संस्कृत कोशाच्या दालनाचे स्मरण करावे. डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये आरंभिलेल्या त्या प्रचंड प्रकल्पात सुमारे दीड हजार संस्कृत ग्रंथांतून शब्द वेचले गेले, आणि प्रत्येक शब्दप्रयोगासाठी, तो कोणत्या ग्रंथात कोणत्या स्थळी आला आहे या निर्देशासह, स्वतंत्र चिठ्ठी लिहिली गेली. त्या चिठ्ठ्यांची संख्या कोटीच्या घरात गेली. पहिला खंड १९७६ मध्ये बाहेर पडला, आणि काम आजही चालू आहे. ज्यांनी आरंभीच्या चिठ्ठ्या लिहिल्या, त्यांच्यानंतरच्या पिढ्यांना त्या वापरता येतात, याचे कारण हस्ताक्षर सुंदर असणे हे नव्हे. प्रत्येक चिठ्ठी आपला ठावठिकाणा स्वतःच सांगते, हे आहे. वहीत ओळीने लिहिलेले टिपण लिहिणाऱ्याच्या स्मृतीवर टेकलेले असते; चिठ्ठी मात्र हवी तेथे उचलून ठेवता येते, दुसरीच्या शेजारी मांडता येते, आणि तरीही आपले मूळ विसरत नाही.

तलावाच्या अभ्यासकाने आपल्या चिठ्ठीच्या माथ्यावर गाव आणि विषय लिहावा, उदाहरणार्थ ‘सलंग’, म्हणजे जादा पाणी वाहून जाण्याची जागा, किंवा ‘गाळपेर’, म्हणजे पाणी ओसरल्यावर तलावाच्या पोटात केलेली शेती; मधे मजकूर; आणि तळाशी साधनवहीतील क्रमांक व पृष्ठ. मजकूर लिहिताना तीन आवाज कधीही एकमेकांत मिसळू देऊ नयेत. कागदातील शब्द जसेच्या तसे उतरले असतील, तर ते अवतरणचिन्हांत. आपण सारांश केला असेल, तर तसे स्पष्ट लिहून. आणि वाचताना स्वतःला सुचलेला तर्क वेगळ्या शाईने, आपल्या नावाच्या आद्याक्षरासह. हा विवेक ढिला पडला, की काही महिन्यांनी आपलाच तर्क आपल्याला जुन्या दस्तऐवजाचा पुरावा वाटू लागतो, आणि दुसऱ्याचे वाक्य आपल्या लेखात आपले म्हणून शिरते. पहिला प्रमाद सत्याविषयी आहे, दुसरा सचोटीविषयी. दोन्हींचे बीज टिपणाच्या घटकेलाच पडते. मोजमापांबाबतही हेच पथ्य पाळावे: जुन्या कागदात खंडी, कुडो, मैल असे जे माप असेल तेच उतरावे, आणि आजच्या मापातील रूपांतर खाली निराळे द्यावे, कारण रूपांतरात चूक झाली तर मूळ आकडा तरी हाती राहतो.

नावांच्या बाबतीत तर जितकी दक्षता घ्यावी तितकी थोडी. या जिल्ह्यात सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव अशी दोन तालुक्यांची ठाणी आहेत. नवेगाव या नावाची गावेही एकाहून अधिक. आणि इंग्रजी कागदांतून या नावांची वर्णरूपे लेखनिकागणिक पालटतात. म्हणून प्रत्येक गावासाठी एक नामचिठ्ठी करून तिच्यावर आढळलेली सर्व रूपे, तालुका आणि बंदोबस्तातील मौजा क्रमांक लिहून ठेवावा.

नावांच्या या विवेकातून केवढे फळ मिळू शकते, याचे थोर उदाहरण याच जिल्ह्यात आहे. महाकवी भवभूतीने आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेत आपले कुल दक्षिणापथातील पद्मपूरचे असल्याचे सांगितले आहे, आणि मालतीमाधवाच्या काही पोथ्यांत त्याबरोबर विदर्भाचेही नाव येते. मालतीमाधवाचे कथानक मात्र पद्मावती नगरीत घडते, आणि ती नगरी ग्वाल्हेरजवळच्या पवाया येथे होती असे अभ्यासक मानतात. नावे इतकी जवळची, की दोन्ही एकाच चिठ्ठीवर पडली असती तर कवीचे गाव विदर्भातून कायमचे निसटले असते. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी ती वेगळी ठेवली. दुर्ग जिल्ह्यात वाकाटकांचा एक त्रुटित ताम्रपट सापडला होता. दात्याचे नाव येण्यापूर्वीच त्याचा लेख तुटतो, पण तो पद्मपूराहून दिल्याचा निर्देश त्यात शिल्लक आहे. नाटकाची प्रस्तावना, हा तुटका ताम्रपट आणि आमगावजवळच्या पदमपूर या खेड्यातील प्राचीन अवशेष, अशी तीन साधने, तीन निरनिराळ्या शास्त्रांच्या कक्षेतील, त्यांनी शेजारी मांडली आणि आमगावचे पदमपूर हेच भवभूतीचे पद्मपूर असल्याचे प्रतिपादन केले. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वाकाटक लेखांच्या संग्रहात प्रत्येक लेखाचा शोध कोठे लागला, पत्रे किती, तुटलेले काय आणि वाचन कोठे संशयित, हे ज्या काटेकोरपणे दिले आहे, ते नुसते चाळले तरी साधनाशी कसे वागावे याचा धडा मिळतो. ज्याला त्यांचा निष्कर्ष मान्य नसेल, तोही त्यांच्याच नोंदींवरून मागे चालत जाऊन मूळ पुराव्यापाशी उभा राहू शकतो.

कागदांइतकीच माणसांच्या साक्षीची व्यवस्था लावावी लागते, आणि येथे मारुती चितमपल्ली यांचे स्मरण अटळ आहे. वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला राहिलेल्या या लेखकाने पक्ष्यांची, झाडांची, माशांची नावे ग्रंथांतून जशी घेतली तशी रानात राहणाऱ्या माणसांच्या तोंडूनही घेतली. नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या जाणत्यांचे ऋण त्यांनी आपल्या लेखनात मुक्तकंठाने सांगितले. आणि अशा दीर्घ संग्रहातूनच पुढे पक्षिकोशासारखे ग्रंथ उभे राहिले. अर्जुनी मोरगावच्या परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढीवरांना बरोबर घेऊन तलावांतील मासे आणि पाणवनस्पती यांचा जो अभ्यास केला, त्यातही हीच दृष्टी दिसते: ज्याच्या जाळ्यात मासा येतो, त्याच्या ज्ञानालाही साधनाचा मान आहे.

तो मान द्यावयाचा तर त्याची नोंदही मानाने व्हावयास हवी. सांगणाऱ्याचे नाव, वय, तलावाशी असलेला संबंध, संभाषणाचे ठिकाण व दिवस. त्याने स्वतः पाहिलेले कोणते आणि आजोबांकडून ऐकलेले कोणते. आणि नाव छापण्यास त्याची अनुमती आहे की नाही, एवढे त्याच संध्याकाळी लिहून झालेच पाहिजे. शब्द त्याचेच ठेवावेत. ‘तुडुम’ऐवजी ‘जलनिर्गमद्वार’ आणि ‘बांधी’ऐवजी ‘भातखाचर’ असे लिहिणारा अभ्यासक भाषा सुधारत नाही. तो पुरावा बदलतो. आणि धानाच्या रोवणीच्या वा कापणीच्या दिवसांत कोणाला प्रश्न विचारीत बसवू नये, हे केवळ सौजन्य नव्हे; ज्याचे मन बांधीत अडकले आहे, त्याची साक्षही अर्धीच मिळते.

साधने वाढू लागली, की ती एकमेकांशी भांडूही लागतात. नवेगावबांधचा सुमारे अकरा चौरस किलोमीटरचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी याने अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला, असे परंपरा सांगते आणि जुनी छापील साधने ती परंपराच नमूद करतात. त्याच कोलूला लोकांनी कोलासूर देव म्हणून पुजले. आता, जनश्रुतीतील कोलासूर, छापील पानातील कोलू पाटील आणि तलाव बांधणाऱ्याला जमीन देण्याचे गोंड राजांचे धोरण, या तीन गोष्टींच्या चिठ्ठ्या एकत्र कोंबून एक सुबक कथा रचण्याचा मोह कोणालाही होईल. तो आवरावा. अशा प्रसंगी एक ‘विसंगतीचा कागद’ करून एका बाजूला एक साधन काय म्हणते आणि दुसऱ्या बाजूला दुसरे काय म्हणते, हे मांडावे. आणि त्यांपैकी कोणते दुसऱ्यावरूनच उतरले आहे, हे आधी तपासावे. पाच ग्रंथ एकच गोष्ट सांगतात म्हणून पाच साक्षीदार होत नाहीत; पाचही जणांनी एकाच गॅझेटियरवरून लिहिले असेल, तर साक्षीदार एकच.

मांडणीविषयी थोडे सांगितले पाहिजे. पेशवे दफ्तरातील कागद रुमालांत बांधून ठेवीत, आणि रुमाल सोडून पाहणाऱ्याने तो त्याच क्रमाने पुन्हा बांधावा हा शिष्टाचार होता, कारण कोणता कागद कोणाशेजारी होता, हीदेखील एक माहितीच असते. आपल्या संग्रहालाही हा न्याय लावावा. मूळ प्रती आणि छायाप्रती साधनवहीच्या क्रमानेच ठेवाव्यात, त्या विषयवार फोडू नयेत. विषयवार, गाववार, कालवार हलवावयाच्या त्या चिठ्ठ्या. भ्रमणध्वनीवर पानांची छायाचित्रे घेताना पहिले चित्र बासनाच्या वा वहीच्या मुखपृष्ठाचे घ्यावे, आणि त्याच रात्री त्या चित्रांच्या संचिकेला साधनवहीतील क्रमांक द्यावा. नाहीतर शेकडो पाने हाती असूनही ती कोणत्या बस्त्यातील, हे सांगता येत नाही, आणि माझ्या त्या ओळीचीच गत त्यांना येते. या जिल्ह्याचा पावसाळा दमट आणि वाळवी चिवट, म्हणून संग्रहाची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवणे हे अतिदक्षतेचे लक्षण मानू नये. आठवड्यातील एक सकाळ नवे काही न वाचता, केवळ जुन्या चिठ्ठ्या लावण्यास द्यावी. ती सकाळ वाया जात नाही. दोन दूरच्या चिठ्ठ्या प्रथम शेजारी येतात, त्या बहुधा अशाच सकाळी.

आणि काम पुरे झाल्यावर हा संग्रह पेटीत बंद करू नये. लेख छापला जातो, पण त्यात चिठ्ठ्यांचा थोडाच भाग उतरतो. उरलेल्यांचे धनी ते गावच आहे. साधनवहीची आणि चिठ्ठ्यांची एक प्रत, ज्यांनी नाव सांगण्यास अनुमती दिली नाही त्यांची नावे वगळून, गावच्या शाळेत वा वाचनालयात ठेवावी. तलावातील गाळ काढावयाचा असो, मासेमारीच्या हक्काचा तंटा असो, वा सलंग कोठे होती हे ठरवावयाचे असो, गावाला आपल्याच वहिवाटीचा दाखला तेथे सापडेल, आणि पुढचा अभ्यासक आपण जेथे थांबलो तेथून आरंभ करील.

त्या वृद्ध ढीवराची ओळ मी टाकून दिलेली नाही. ती एका वेगळ्या पाकिटात आहे, आणि चिठ्ठीच्या माथ्यावर, जेथे गावाचे नाव असावयास हवे, तेथे ‘स्थळ अनिश्चित’ असे लिहिले आहे. खाली मला आठवणाऱ्या सहा गावांची नावे आहेत, आणि त्यांपैकी चारांपुढे ‘विचारले, आढळले नाही’ अशी तारखेसह नोंद आहे. दोन गावे राहिली आहेत. या पावसाळ्यानंतर, कापणी आटोपून माणसे पाळीवर निवांत बसू लागली, की मी तेथे जाणार आहे. आणि पहिले पाणी शेवटच्या बांधीला देणारे गाव भेटलेच, तर वही उघडून सर्वांआधी त्या गावाचे नाव लिहिणार आहे.